मराठी नावे जागा अडवत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परळच्या ज्या पतपेढीची मी गेली एकतीस वर्षे सभासद आहे, तिच्या यंदाच्या वार्षिक सभेपुढे एक ठराव आला. संगणकातली सभासदांची मराठी नावे आणि व्यवहारांचा मराठी तपशील काढून टाकावा आणि यापुढे पासबुक फक्त इंग्रजीत छापावे, असा. कारणही लेखी दिले होते : ‘मराठी मजकूर जास्त जागा व्यापत असल्याने डेटाबेसची मर्यादा संपत आली आहे.’ सभागृहात दीडशेएक माणसे होती. संगणकातले आपल्याला काय कळते, अशा समजुतीने बहुतेकांनी माना डोलावल्या. मी सव्वीस वर्षे एका बँकेच्या संगणक विभागात डेटाबेस, म्हणजे संगणकातल्या नोंदवह्या, सांभाळण्याचेच काम केले. मला गप्प बसवेना, मी उभी राहिले. पण पाच मिनिटांत असला विषय उलगडत नाही. ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला एवढेच. तेव्हा जे नीट सांगता आले नाही ते इथे लिहिते, कारण हीच सबब इतर पतपेढ्यांत, सोसायट्यांत, ट्रस्टच्या कचेऱ्यांत पुढे केली जात असणार आणि तिथे उठून विचारणारे कोणी असेलच असे नाही.

आधी पतपेढीचे संगणकाचे काम पाहणाऱ्या ठेकेदाराच्या बाजूने जे खरे आहे ते सांगते. पतपेढी मायक्रोसॉफ्टच्या ‘एसक्यूएल सर्व्हर’ या डेटाबेसची मोफत मिळणारी ‘एक्स्प्रेस’ आवृत्ती वापरते, २०१९ची. तिच्यात एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. आमची फाइल साडेनऊच्या घरात गेली होती. मर्यादा गाठली की नवी नोंद घेतली जात नाही, म्हणजे एखाद्या सोमवारी खिडकीवर रांग लागलेली आणि वर्गणी जमा होत नाही अशी वेळ येणार. काळजी रास्त होती. मराठी जास्त जागा घेते हेही वरवर पाहता खरे. ‘काळे’ हे आडनाव घ्या. इंग्रजीत ते के, ए, एल, ई या चार अक्षरांत होते आणि एका अक्षराला एक बाइट (संगणकातली जागा मोजायचे माप) धरून चार बाइटमध्ये बसते. देवनागरीतही संगणकाच्या हिशेबी चारच खुणा होतात, क, काना, ळ आणि मात्रा, पण प्रत्येक खुणेला दोन बाइट लागतात. चारास आठ. ठेकेदाराच्या मुलाने सभेत फळ्यावर हेच लिहून दाखवले आणि खाली बसला.

पण आठ बाइटांनी साडेनऊ जीबी भरत नाहीत. मी चिटणिसांकडून रीतसर परवानगी घेऊन डेटाबेसची एक प्रत माझ्या घरच्या संगणकावर न नेता, पतपेढीतच बसून, त्यांच्यासमोर तपासली. (सभासदांच्या खात्यांची माहिती कोणी पेनड्राइव्हवर घरी नेऊ नये, मीसुद्धा.) व्यवहारांच्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, ऐंशी लाखांच्या आसपास नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीत खाते क्रमांक, शाखा, तारीख, रक्कम, शिल्लक, सभासदाचे मराठी नाव आणि मराठी तपशील. शेवटचे दोन रकाने ज्याने कोणी आखले त्याने ते ‘ठरावीक शंभर खुणांचे’ आखले होते. म्हणजे मजकूर छोटा असो वा मोठा, रकान्याला २०० बाइट द्यायचेच. ‘मासिक वर्गणी जमा’ या तपशिलात मधल्या मोकळ्या जागा धरून सोळा खुणा आहेत, त्याचे झाले ३२ बाइट. उरलेले १६८ बाइट? नुसती कोरी जागा. ती कोरी जागा डिस्कवर लिहिली जाते, मेमरीत आणली जाते, बॅकअपमध्ये साठवली जाते. ऐंशी लाख वेळा. मराठी मजकूर नव्हे, मराठी मजकुराच्या मागची रिकामी जागा पतपेढीची मर्यादा खात होती.

इथे ‘रो कॉम्प्रेशन’ नावाची सोय कामाला येते. नाव भारदस्त आहे, पण करते ते कोणताही काटकसरी माणूस करील तेच : एका ओळीत, म्हणजे एका नोंदीत, जेवढा मजकूर आहे तेवढीच जागा द्यायची. शेवटची कोरी जागा साठवायचीच नाही, वाचताना परत जोडून द्यायची. आकड्यांचेही तसेच. शाखा क्रमांकाच्या रकान्याला चार बाइट राखलेले असतात, कारण त्यात दोन अब्जांपर्यंतचा आकडा मावला पाहिजे. आमच्या शाखा तीन. ‘३’ हा आकडा एका बाइटात बसतो, तर एकच द्यायचा. शिल्लक शून्य असेल किंवा रकाना रिकामाच असेल तर काहीच द्यायचे नाही. कोणता रकाना किती लांबीचा आहे याची नोंद ठेवायला रकान्यामागे जेमतेम चार बिट, अर्धा बाइट, पुरतात.

आणि मग येतो मराठीचा खास भाग. सभेत मला तो सांगायलाच मिळाला नाही, त्याची रुखरुख अजून आहे.

जगातल्या सगळ्या लिप्यांना युनिकोडने क्रमांक दिले आहेत. त्यात देवनागरीच्या वाट्याला सलग १२८ घरे आली. आमच्या लालबाग-परळच्या भाषेत, १२८ खोल्यांची एक चाळ. दोन बाइटांत अक्षर लिहायचे म्हणजे दर वेळी पूर्ण पत्ता लिहायचा : अमुक चाळ, अमुक खोली. पण पुढची सगळी अक्षरे त्याच चाळीत राहणार असतील तर चाळीचे नाव एकदा सांगून नंतर नुसता खोली क्रमांक पुरेल ना? युनिकोडची ‘एससीएसयू’ ही प्रमाणित संक्षेप पद्धत नेमके हेच करते. सुरुवातीला एका बाइटात ‘आता देवनागरी’ असा इशारा, आणि पुढे प्रत्येक खुणेला एकच बाइट. १२८ घरांची एक खिडकी असे तिचे गणित आहे, आणि सुरुवातीलाच तयार ठेवलेल्या खिडक्यांत देवनागरीची खिडकी आहे, रशियन, अरबी आणि जपानी हिरागानाच्या सोबत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ही सोय २००८ आर२ या आवृत्तीपासून रो कॉम्प्रेशनच्या पोटातच आली. वेगळे काही करावे लागत नाही.

या हिशेबाने ‘काळे’ आठ बाइटांवरून पाचावर येते. इंग्रजीत चार, मराठीत पाच. एवढाच फरक उरतो, आणि त्या एका बाइटासाठी माणसाचे नाव पुसायचे होते. मायक्रोसॉफ्टने स्वतः जी भाषावार बचत दिली आहे त्यात हिंदीला ५० टक्के म्हटले आहे, इंग्रजीइतकेच. मराठीची लिपी तीच, घरे तीच. जपानीला मात्र तिथे १५ टक्केच आहेत, कारण त्यांची चित्राक्षरे हजारोंनी आहेत, ती १२८ खोल्यांत मावत नाहीत. म्हणजे या बाबतीत आपली लिपी अडचणीची नाही. उलट तिची बांधणी या पद्धतीला फार सोयीची आहे.

जाता जाता एक सावधगिरी. ‘यूटीएफ-८ करा, जागा वाचते’ असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. युनिकोड साठवण्याची ही आणखी एक पद्धत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१९पासून ती सोय आहे, आणि ज्यांचा मजकूर इंग्रजी आहे त्यांची जागा खरोखरच निम्मी होते. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला मात्र त्यात तीन बाइट लागतात. ‘काळे’ आठाचे बारा होतात. इंग्रजी मजकुरासाठी दिलेला सल्ला मराठी टेबलाला डोळे झाकून लावू नका.

आता ‘पेज कॉम्प्रेशन’. हे समजावून सांगायला मला माझ्या वडिलांचा हजेरीपट आठवतो. ते परळच्या एका गिरणीत टाइम ऑफिसात कारकून होते. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला तोवर त्यांनी रोज हजेरीपट लिहिला. पटावर पहिल्या कामगाराच्या नावापुढे खात्याच्या रकान्यात ‘साचेखाते’ असे पूर्ण लिहायचे. त्याखालच्या चाळीस-पन्नास माणसांपुढे नुसत्या दोन टिंबांसारख्या खुणा, ‘वरीलप्रमाणे’. पण पान उलटले की पहिल्या ओळीत पुन्हा पूर्ण ‘साचेखाते’. लहानपणी मी विचारले होते, मागच्या पानावर लिहिलेय की, परत का? ते म्हणाले, “अगं, हे पान कोणी एकटंच काढून साहेबांसमोर नेलं तर? पानाचा अर्थ पानावरच लागला पाहिजे.”

डेटाबेसचे ‘पेज’ हेही असेच एक पान आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते ८ केबीचे असते, ८१९२ बाइट. त्यातले पहिले ९६ पानाच्या मथळ्याला जातात, उरलेल्या जागेत ओळी बसतात. डिस्कवरून मेमरीत आणणे असो की मेमरीतून डिस्कवर लिहिणे असो, व्यवहार पानापानानेच होतो. म्हणून पेज कॉम्प्रेशनमध्ये ‘वरीलप्रमाणे’चा कोश, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या मजकुराची यादी, दर पानाला स्वतःचा असतो, मथळ्याला लागून त्याच पानावर ठेवलेला. दुसरे कुठलेही पान न उघडता हे पान वाचता येते. सगळ्याच डेटाबेसनी हा मार्ग धरला नाही. आयबीएमच्या डीबी२ने २००६मध्ये अख्ख्या टेबलाला मिळून एक कोश ठेवला होता आणि पानागणिक कोशाची जोड २०१२मध्ये दिली. ओरॅकलने २००२च्या सुमारासच पानापुरता, त्यांच्या भाषेत ‘ब्लॉक’पुरता, कोश ठेवला होता. माझा कल वडिलांच्या बाजूने आहे.

पेज कॉम्प्रेशन तीन टप्प्यांत चालते. पहिला टप्पा म्हणजे वर सांगितलेले रो कॉम्प्रेशनच. दुसऱ्यात एकेका रकान्यातल्या मजकुराचा आरंभ पाहतात. समजा पत्त्याच्या टेबलात पिनकोडचा रकाना आहे. परळ ४०००१२, दादर ४०००१४, शिवडी ४०००१५. पानाच्या माथ्यावर नमुना म्हणून ४०००१२ ठेवला, की परळकराच्या ओळीत ‘नमुन्याप्रमाणे’ एवढेच पुरते आणि दादरकराच्या ओळीत ‘पहिले पाच नमुन्यातले, पुढे ४’. तिसरा टप्पा कोशाचा. त्यात रकान्याचे बंधन नाही. पानावर कुठेही, कोणत्याही रकान्यात जे पुन्हा पुन्हा येते ते कोशात एकदा लिहायचे आणि जागोजाग फक्त कोशातला क्रमांक ठेवायचा. सभासदांच्या टेबलात ‘रत्नागिरी’ जिल्ह्याच्या रकान्यात येते आणि जन्मठिकाणाच्या रकान्यातही. दोन्हींना कोशातली एकच नोंद पुरते. व्यवहारांच्या टेबलात तर चंगळच असते. ‘मासिक वर्गणी जमा’, ‘कर्जाचा हप्ता जमा’, ‘लाभांश जमा’, ‘व्याज आकारणी’. ऐंशी लाख नोंदींत निराळे असे तपशील मोजून तीसही नाहीत.

मराठी माणसाला यात नवीन काही वाटू नये. हे पत्र मी ‘स. न. वि. वि.’ने सुरू केले. सप्रेम नमस्कार विनंती विशेष, हे पूर्ण लिहायची गरज पडली नाही, कारण तो कोश आपणा दोघांकडे आहे. पाकिटावर आपण मु. पो. ता. जि. लिहितो. आपल्या पिढ्यान् पिढ्या कागद वाचवत आल्या आणि त्यात कोणाचे गाव हरवले नाही.

पान भरेपर्यंत हा दुसरा-तिसरा टप्पा सुरूच होत नाही, हेही मला आवडते. अर्धवट रिकाम्या पानावर कशाला खटाटोप करायचा? लोकलच्या रिकाम्या डब्यात कोणी कोणाला ‘जरा सरका’ म्हणत नाही. चौथा माणूस बाकापाशी येऊन उभा राहिला की मगच सरकतात. पान भरले आणि आणखी एक ओळ आली, की डेटाबेस त्या पानावरचा नमुना आणि कोश बांधून पाहतो. पुरेशी जागा निघाली तर तसे ठेवतो, नाही तर सोडून देतो आणि नवे पान घेतो. म्हणूनच ओळी कोणत्या क्रमाने लावल्या आहेत याला फार महत्त्व आहे. सारखे शेजारी आले तरच कोशाचा उपयोग. आमच्या टेबलात ओळी खाते क्रमांक आणि तारीख अशा क्रमाने होत्या. एका सभासदाच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी लागोपाठ, त्यामुळे तेच नाव पानभर खाली उतरत होते. नाव माथ्यावर एकदा, खाली सगळीकडे वरीलप्रमाणे.

खरे म्हणजे प्रत्येक व्यवहारात सभासदाचे नाव लिहायलाच नको होते. ते सभासदांच्या टेबलात एकदा असावे आणि व्यवहारात फक्त खाते क्रमांक असावा, हे एडगर कॉड यांनी १९७०मध्ये संबंधाधारित डेटाबेसची मांडणी केली तेव्हापासूनचे शिक्षण आहे. पण पतपेढीचा प्रोग्रॅम जुना, तो लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेलेला. तो उघडून दुरुस्त करणे हे मोठे आणि जोखमीचे काम. कॉम्प्रेशनसाठी प्रोग्रॅमच्या एका अक्षरालाही हात लावावा लागत नाही. प्रोग्रॅम पूर्वीसारखाच नाव मागतो, त्याला पूर्ण नाव मिळते.

हे सगळे मी ठेकेदाराच्या मुलाला पतपेढीत बसून सांगितले. मुलगा ऐकून घेणारा निघाला. म्हणाला, “मॅडम, पण त्याला एंटरप्राइज लागतं, लाखांत जातं ते.” त्याचे खोटे नव्हते, त्याची माहिती जुनी होती. २००८मध्ये रो आणि पेज कॉम्प्रेशन आले तेव्हा ते फक्त महागड्या एंटरप्राइज आवृत्तीत होते. आमच्या बँकेनेही ते त्याच आवृत्तीत घेतले होते. नोव्हेंबर २०१६मध्ये, २०१६च्या आवृत्तीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकबरोबर, म्हणजे सुधारणांच्या संचाबरोबर, ते सगळ्या आवृत्त्यांना खुले झाले, मोफत एक्स्प्रेसलासुद्धा. म्हणजे पतपेढीच्या संगणकावर ही सोय बसवल्या दिवसापासून होती. कोणी ती चालू केली नव्हती.

मग एका रविवारी आम्ही ती चालू केली. मोफत आवृत्तीत हे काम सुरू असताना टेबल बंद राहते, म्हणून सुटीचा दिवस. आणखी एक पेच होता. टेबल आवळायचे म्हणजे जुन्याच्या शेजारी नवी आवळलेली प्रत तयार होते आणि मगच जुनी सोडली जाते. तेवढी मोकळी जागा फाइलमध्ये हवी, आणि आमच्याकडे उरला होता अर्धा जीबी. म्हणून लहान टेबलापासून सुरुवात केली. एक आवळले, जागा मोकळी झाली, तिच्यात त्याहून मोठे आवळले. व्यवहारांचे टेबल सर्वांत शेवटी. त्याआधी अर्थातच पूर्ण बॅकअप घेतला आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिला. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबायचे नाही, हे नोकरीत हाडीमाशी भिनले आहे.

दुपारी तीनपर्यंत काम संपले. व्यवहारांचे टेबल साडेतीन जीबीच्या वर होते, ते अर्ध्या जीबीवर आले. पूर्वी एका पानावर सतरा नोंदी बसत, आता सरासरी सव्वाशे. याचा दुसरा फायदा चिटणिसांनाच सोमवारी जाणवला : खातेउतारा झटकन येऊ लागला. एक्स्प्रेस आवृत्ती पाने साठवायला १४१० एमबीपेक्षा जास्त मेमरी वापरत नाही, आणि पाने मेमरीतही आवळलेलीच राहतात. ओळ वाचायची वेळ येते तेव्हाच ती उलगडते. त्यामुळे ज्या टेबलाचा निम्मा भागही मेमरीत मावत नव्हता ते आता अख्खे मावते. बॅकअपही त्याच मानाने लहान झाला.

यात काही खर्चच नाही असे मी म्हणणार नाही. आवळायला आणि उलगडायला प्रोसेसरला काम पडते, आणि जे टेबल दिवसभर सारखे बदलत असते त्याला पेज कॉम्प्रेशन महाग पडू शकते. म्हणून रोजच्या किर्दीच्या टेबलाला आम्ही नुसते रो कॉम्प्रेशन ठेवले. जुने व्यवहार कोणी बदलत नाही, फक्त वाचतात, त्यांना पेज. आणि टेबल आवळले म्हणून त्याचे इंडेक्स, म्हणजे नोंद चटकन सापडावी म्हणून ठेवलेल्या सूची, आपोआप आवळले जात नाहीत, ते एकेक करून वेगळे करावे लागतात. हे विसरले जाते, आमच्याकडेही पहिल्या फेरीत दोन राहिले होते. कर्जाच्या शेऱ्यांचा रकाना ‘कमाल लांबी’चा, म्हणजे अमर्याद मजकुराचा आखलेला होता. तशा रकान्याला मराठी निम्म्यावर आणणारी ती चाळीची युक्ती लागूच होत नाही. तो तसाच आहे.

स्कॅन केलेल्या अर्जांना आणि सह्यांच्या चित्रांना या कशाचाच उपयोग नाही. तीन जीबी ती चित्रेच आहेत. ती नोंदीच्या बाहेर वेगळ्या पानांवर राहतात, तिथे रो-पेज कॉम्प्रेशन पोचत नाही, आणि जेपेग चित्र मुळातच आवळलेले असते. त्यांना डेटाबेसबाहेर साध्या फाइलमध्ये ठेवावे असे मी सुचवले आहे, समितीने अजून ठरवलेले नाही. ठरावात मात्र चित्रांचा शब्द नव्हता. जागा कमी पडली तेव्हा पहिले बोट मराठी नावावर गेले. हे मला लागले, आणि अजून लागते आहे.

कारण जागा वाचवण्याच्या या दोन तऱ्हांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पेज कॉम्प्रेशनमध्ये पान उलगडले की बाइटन् बाइट जसाच्या तसा परत येतो. एक रुपया, एक काना, एक अनुस्वार इकडचा तिकडे होत नाही. ‘काळे’ काढून इंग्रजी के, ए, एल, ई ठेवले तर त्यातून परत काय काढणार? काळे, काले की कळे? दळवी की दलवी? ण आणि न, ळ आणि ल, ऱ्हस्व आणि दीर्घ, सगळे एका भांड्यात पडते आणि पुन्हा निवडता येत नाही. वारसाच्या नावात एवढा फरक पडला की मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड आणि पासबुक एकमेकांशी जुळेनासे होते आणि म्हातारी बाई तीन महिने हेलपाटे घालते. हे मी खिडकीच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. आमच्या सभासदांत गिरणी कामगारांच्या बायका खूप आहेत, राजापूर, संगमेश्वर, देवगडकडच्या. त्या पासबुकावर बोट ठेवून एकेक ओळ वाचतात आणि चूक असेल तर तिथल्या तिथे सांगतात. इंग्रजी पासबुक हातात दिले की तेच पासबुक त्यांना नातवाकडून वाचून घ्यावे लागणार. स्वतःच्या पैशांचा हिशेब स्वतः वाचता येणे ही केवळ भाषाप्रेमाची गोष्ट नाही.

म्हणून ज्या ज्या संस्थेपुढे असा ठराव येईल तिथल्या सभासदांना माझी विनंती आहे, मान डोलवण्याआधी ठेकेदाराला इतके विचारा : कोणते टेबल किती जागा घेते ते दाखवा. नाव-तपशिलाचे रकाने ठरावीक लांबीचे आहेत का? कॉम्प्रेशन चालू आहे का, आणि केले तर किती वाचेल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला त्याला आठवडा मागावा लागणार नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्यासाठी तयार आज्ञा आहे. ती टेबलातला थोडा नमुना घेऊन बाजूला आवळून पाहते आणि अंदाज सांगते, मूळ टेबलाला धक्का लागत नाही.

आमचा ठराव आता मागे घेतला जाईल असे चिटणीस म्हणाले आहेत. पण दोन वर्षांपूर्वी, जागेच्याच नावाखाली, बंद झालेल्या खात्यांची मराठी नावे कोणालाही न विचारता काढून टाकली गेली होती, हे या तपासणीत कळले. त्या वेळचा बॅकअप कोणाकडे नाही. दर शनिवारी दुपारी आम्ही तिघीजणी पतपेढीच्या माळ्यावरचे जुने कागदी अर्ज काढून ती नावे पुन्हा टाइप करतो आहोत. बरीच मिळाली. कालच्या शनिवारी एक अर्ज हाती आला, १९९४चा. नाव कारकुनाने इंग्रजीतच लिहिलेले, आडनाव के, ए, एन, ई. काणे की काने? सहीच्या जागी निळा अंगठा आहे. पत्त्यावरची चाळ पाडून आता तिथे टॉवर उभा आहे. तो अर्ज आम्ही वेगळ्या फाइलीत ठेवला आहे. तिच्यात आता एकोणीस अर्ज आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
परळ, मुंबई